बाबांचा नंबर कुणाला दिला?

“मोठ्याने सांगा काका. मागे ऐकू जात नाहीये.”

बाबा माइकसमोर उभे होते. लोणावळ्यातल्या एका हॉटेलचा गार हॉल, खाली गालिचा. समोर खुर्च्यांवर त्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार. बाबांनी मोठ्याने काय सांगायचं होतं? स्वतःचा आजार. दम लागतो हे. आडवं झोपता येत नाही हे. सांगून झालं की कंपनीचा अधिकारी एक कार्ड देणार. फोटो. टाळ्या. कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘कृतज्ञता’ असं छापलेलं. कुणी कुणाबद्दल ठेवायची, ते छापलेलं नव्हतं.

निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा कंपनीने भरायचा, असा युनियनचा करार होता. यंदा कंपनीने हात वर केले. हप्ता ज्याचा त्याने भरा. म्हातारा माणूस, त्यात आधीचा आजार, म्हणून हप्ता असा की पेन्शन सगळी तिकडे ओतायची आणि चुलीपुढे नुसतं बसून राहायचं. ज्याला झेपत नाही त्याने इथे यावं, सगळ्यांसमोर अडचण सांगावी, वर्षापुरत्या मदतीचं कार्ड न्यावं.

माझ्या शेजारी बबनभाऊ होते. बाबांबरोबर भट्टीवर राबलेले. ते पुटपुटले, “गेटवर हप्ता मागाया गुंड यायचे, त्यांना आमी पळीवलं. आता सायेबच हप्ता मागत्यात. ह्यांना कुनी पळवायचं?”

मला हसू आलं नाही.

“नंबर सांगा काका,” अधिकारी म्हणाला. त्याला विम्याचा नंबर हवा होता.

बाबा एकदम ताठ झाले. हात मांड्यांना चिकटले. “टोकन चारशे अकरा. भट्टी खातं. हजर!”

पहिल्या रांगेतले साहेब लोक खदखदून हसले. मागे कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाच्या तोंडून तेच निघालं असतं. उभ्या आयुष्यात कारखान्याने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. पगाराला नंबर, कँटीनला नंबर, मेमोवर नंबर. आमची आईसुद्धा चिडली की म्हणायची, “चारशे अकरा, भाकरी निवतीय.”

“अहो काका, तो नंबर गेला!” अधिकारी डोळे पुसत म्हणाला. “तो आता एका कंत्राटी मुलाला दिलाय. तुम्ही विम्याचा सांगा.”

बाबांचे हात मांड्यांवरून सुटले. एवढंच झालं. पण मी ते पाहिलं.

मग त्याने कार्ड बाबांच्या हातात दिलं आणि माइक स्वतःकडे वळवला. “आणि मंडळी, एक स्पष्ट करतो. ही कंपनीने मायेने केलेली मदत आहे. ज्याने कार्ड घेतलं, त्याने यापुढे कराराचं नाव काढायचं नाही.”

मी वाचायला शाळेत शिकले नाही. युनियनच्या पत्रकांवर शिकले. गुलाबी कागद, बोटाला लागणारी शाई. संपाच्या साली घरात कण्या शिजायच्या आणि मी चुलीपाशी बसून अक्षरं जुळवायचे. ‘पगारवाढ सोडली, दवाखाना घेतला.’ मी जुळवलेलं पहिलं पूर्ण वाक्य ते. त्याचा अर्थ नंतर कळला. मागितलेली वाढ कामगारांनी कंपनीकडेच ठेवली आणि बदल्यात म्हातारपणाचा विमा लिहून घेतला. म्हणजे हप्ता या माणसांनी तेव्हाच भरला होता. पोरांच्या तोंडचं काढून भरला होता. छातीत भट्टीवरच्या साच्यांची वाळू साठवत भरला होता.

मग मदत कसली? माया कसली?

मी उठले. पुढे गेले. बाबांच्या हातातलं कार्ड घेतलं आणि टेबलावर ठेवलं. “हे नको. करार पाळा.”

“तुम्ही कामगार आहात का?”

“कामगाराची मुलगी.”

“मग खाली बसा ताई. तुमच्या रुबाबावर वडिलांचा श्वास चालणार नाही.”

वर्मी लागलं. कारण खरं होतं. कार्ड नाही, तर पुढच्या वेळी तळेगावच्या दवाखान्यात कोण दारात उभं करणार?

“पोरी, ऱ्हाऊ दे,” बाबा हळूच म्हणाले. “छातीला काय सांगू मी?”

“तुम्ही म्हणाल तसं, बाबा.”

ते कार्डाकडे बघत राहिले. हॉलमध्ये फक्त त्यांच्या छातीची घरघर. माइक ती सगळ्यांना ऐकवत होता. मग त्यांनी कार्ड बोटाने साहेबाकडे सरकवलं.

“सायेब, येक डाव पगारवाढ सोडली. दवाखाना न्हाई सोडनार.”

आम्ही निघालो. मागोमाग बबनभाऊ. आणखी काही जण. बाकीच्यांनी कार्डं घेतली. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याचा श्वास अडकलाय, त्याला मी कोण शिकवणार?

कान्ह्याला लोकलमधून उतरलो, पुढे जीपने फाट्यापर्यंत. तिथून आंदर मावळातलं आमचं गाव म्हणजे चढाची वाट. बाबा अर्ध्यात ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ओठ निळसर. मला वाटलं, आता शिव्या खाणार.

“त्यो पोरगा कुटल्या खात्यात आसंल गं?”

“कोण?”

“ज्याला माजा नंबर दिला.” दम घेतला. “भट्टीवर आसंल तर वाळू चाळताना तोंडाला फडकं बांधाया सांगाया पायजे. आमाला कुनी सांगितलं न्हाई.”

त्यांचा नंबर काढून घेतला, त्यावर हसले, आणि या माणसाला घोर कुणाचा? तर नव्या चारशे अकराचा. त्याच्या नावावर करार नाही. विमा नाही. युनियन नाही. उद्या त्याच्या छातीत वाळू बसली, तर त्याला कार्डसुद्धा कुणी देणार नाही. एक नवा माणूस देतील त्याच्या नंबराला.

मी आजवर पत्रकं वाचली. आता लिहिलंय. वर ते जुनं वाक्य. खाली त्या पोरासाठी एक: तोंडाला फडकं बांध, आणि तोंड उघड.

बाबांचा विमा आज नाही. खोकला वाढलाय. रात्री छाती भरली तर कुठे न्यायचं, मला माहीत नाही. कारखान्याचं गेट मात्र माहीत आहे. सोमवारी सकाळी, पाळी बदलताना, आम्ही तिथे आहोत. बाबांसाठी खुर्ची बबनभाऊ आणणार आहेत.

हजेरी मी घेणार. चारशे अकरा म्हटल्यावर दोन आवाज आले पाहिजेत. एक खुर्चीवरून, एक गेटच्या आतून.

पहिल्या दिवशी आतून आवाज येणार नाही, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारेन.