कुड्याखालचा दगड

तळवलीच्या गिरजाबाईला राग यायला फार काही लागत नसे, पण कुड्याचा विषय निघाला की तिचं डोकंच फिरायचं. आणि का फिरू नये? तिची भातखाचरं सरकारने घेतली, एक्क्याऐंशी साली त्यांवर सोसायटी उभी राहिली आणि तिथेच ती माळीण म्हणून कामाला लागली. तिच्या सगळ्या शेतातलं उरलं काय, तर बांधावरचं हे एक कुड्याचं झुडूप. वैशाखात ते पांढऱ्या फुलांनी भरायचं, ती त्या फुलांची भाजी करायची. थंडीत मात्र पान न् पान झडून नुसत्या काटक्या राहायच्या.

सेक्रेटरी मधुकररावांना त्या काटक्या खुपत. "मेलेलं झाड आहे, काढून टाका. इथे क्रोटन लावू."

"मेला नाय तो, झोपलाय," गिरजाबाई म्हणाली. "तुमी झोपल्यावर तुमाला कुनी उपटतं का?"

तरी एका माघात त्यांनी माणसं लावून ते बुडापासून तोडलंच. चैत्रात बुंध्यातून पुन्हा फुटवे आले, पण गिरजाबाईने धडा घेतला. पुढच्या थंडीत तिने एका दगडाला शेंदूर फासून तो कुड्याखाली ठेवला. या शिकल्यासवरल्या माणसांना झाड दिसत नाही, देव तेवढा दिसतो, हे तिने बरोबर हेरलं होतं.

कुऱ्हाड थांबली. पण भक्ती सुरू झाली! मधुकररावांच्या वैजयंतीबाई रोज उदबत्ती लावू लागल्या, नारळ फुटू लागले. फाल्गुनात गिरजाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेवढ्यात सोसायटीने झुडपाभोवती सिमेंटचा ओटा घालून चकचकीत लाद्या बसवल्या. चैत्र सरला, वैशाख आला, तरी कुड्याला एक पान फुटलं नाही.

गिरजाबाई परतली, ते पाहिलं आणि पहार घेऊनच आली. सोसायटीवाल्यांचा राग होताच, स्वतःच्या हुशारीचा त्याहून जास्त होता.

"अहो, देवाचं ठिकाण आहे ते!" वैजयंतीबाई ओरडल्या.

"कसला देव? माजा टाचा घासायचा दगड हाय तो! त्याच्यापायी जितं झाड गाडलंत तुमी!"

तिने लाद्यांसकट ओटा फोडला आणि दगड काखोटीला मारला. कोणी अडवलं नाही. आठ-दहा दिवसांनी बुडाशी दोन पोपटी पानं दिसली. गिरजाबाई त्यांच्यापुढे उकिडवी बसली होती, तेवढ्यात वैजयंतीबाई हळूच जवळ आल्या. पानांकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"गिरजाबाई," त्या म्हणाल्या, "तो दगड परत मिळेल का?"