एस्तेरची सही
सन चौपन्नमध्ये मुलुंडचे शांतवन मास्तर मधुमेहाने बेशुद्ध पडले, तेव्हा त्यांची मुलगी एस्तेर एकोणीस वर्षांची होती. आई नव्हती. आजवर तिच्या साडीचा रंगसुद्धा मास्तरच ठरवत.

"पाय सडलाय. आत्ता कापला नाही तर माणूस हातचा जाईल," इस्पितळातल्या डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे केला. "सही कोण करणार?"

एस्तेर धावत जाऊन चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन आली. "तुम्हीच करा ना सही! बाबा मला कधी माफ करणार नाहीत."

"प्रार्थना मी करीन, बाळ. सही मात्र तुझीच हवी. देवाने त्यांना तुझ्या हाती दिलंय."

एस्तेरने डोळे मिटले. 'बाबांना वाचव,' एवढंच तिला म्हणता आलं. मग तिने टाक उचलला. कागदावर आपलं नाव लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर शुद्धीवर आले. पाय नाही हे कळताच ओरडले, "कुणी कापू दिला?"

"मी सही केली, बाबा." एस्तेर जागची हलली नाही.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "घरी कधी सोडणार, तेही तूच विचार डॉक्टरांना."