सादड्याखालचं भरीत

मी मुळातच भित्री. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले, रात्रंदिवस गाड्यांचा खडखडाट ऐकत. पण त्या आवाजाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती शांततेची, रिकाम्या रस्त्याची, अनोळखी कुत्र्याची. म्हणून नवऱ्याची बदली सातपुड्याच्या पायथ्याच्या या लहानशा तालुक्याच्या गावी झाली, तेव्हा पहिले काही महिने मी घराबाहेर फारशी पडलेच नाही. मुलगा पुण्याला, नवरा दिवसभर बँकेत. दुपारी गल्ली इतकी सामसूम व्हायची की मी टीव्ही नुसता आवाजासाठी लावून ठेवायची.

गावात नगरपालिकेची एक बाग आहे, पाण्याच्या टाकीखाली. चालायला फरशीची वाट, कडेला पिवळी-निळी व्यायामाची यंत्रं, कोणाकोणाच्या स्मरणार्थ दिलेली सिमेंटची बाकं. सकाळी तिथे बायकांचा एक घोळका फिरायचा. मी त्यांच्या मागून, अंतर राखून चालायची. एके दिवशी त्यातली एक गोरी, ठेंगणी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई थांबली आणि म्हणाली, "ओ बाई, कुत्र्याला घाबरता ना तुम्ही? मी बघते रोज. मग आमच्या मधे चाला की. कुत्रा आला तर आधी मला चावेल."

ही भाभी. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान. आजेसासरे राजस्थानातून आलेले. सगळं गाव त्यांना भाभीच म्हणतं. त्या दिवसापासून मी घोळक्याच्या मधे चालू लागले.

त्या घोळक्याने मला गाव दिलं, असं म्हणायला हरकत नाही. वाचनालयात बायकांसाठी वेगळी खोली आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. नवरात्रात शाळेच्या मैदानावर गरबा, संक्रांतीत बागेतच हळदीकुंकू, उन्हाळ्यात कुणाच्या तरी गच्चीवर सगळ्यांचे मिळून पापड. आणि थंडीत भरीत. चंपाषष्ठी झाली की बायकांना वांग्याशिवाय दुसरं सुचत नाही. कुणाचं तरी शेत ठरायचं, टेम्पो ठरायचा आणि भरीत पार्टी व्हायची.

घोळक्यातली सगळ्यांत थोरली म्हणजे अक्का. सत्तरीच्या पुढची, शेतकरी घरातली, माहेर धुळ्याकडचं. गुडघे गेलेले, म्हणून ती चालायची नाही. रिक्षाने बागेत यायची आणि बाकावर बसून आमच्यावर देखरेख करायची. बोलायची सगळं अहिराणीतून. मला ती भाषा पुरती यायची नाही, पण माझ्या फेऱ्या संपल्या की मी तिच्याच शेजारी बसायची. का कोण जाणे, तिच्या शेजारी मला कशाची भीती वाटायची नाही.

त्या वर्षी पार्टी अक्काच्या दिराच्या शेतात ठरली. दिराला सगळे नाना म्हणत. गावापासून फार लांब नाही. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला कापूस काढून मोकळं झालेलं रान, आणि नाल्याच्या काठावर एक जुना, प्रचंड सादडा, अर्जुनाचं झाड. पांढऱ्या खोडाचा, दूरवर सावली टाकणारा. त्या सावलीत नानांनी सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या.

मी टेम्पोतून उतरले आणि सवयीने वर पाहिलं. उंच फांदीला काहीतरी काळं लोंबत होतं, कुणी घोंगडी वाळत घातल्यासारखं. मधेच त्या घोंगडीवरून एक लाट सरकली, वाऱ्याने पाणी हलावं तशी.

"नाना, ते काय आहे?"

"आग्या मोहोळ," नाना म्हणाले. "दरसाल बसतं. आपण त्यांच्या वाटेला नाही गेलो तर त्या आपल्या वाटेला येत नाहीत, ताई."

"पण आपण इथे जाळ करणार ना?"

"जाळ तिकडे, बांधावर. वारा पण तिकडेच वाहतोय."

बायका हसल्या. भाभी म्हणाली, "हिला घरी मुंगी दिसली तरी ही खुर्चीवर चढते." मीही हसले. पण सतरंजीवर बसताना मी अशी बसले की ते मोहोळ मला दिसत राहील.

बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग पेटला. त्यात हिरवी, मोठाली वांगी टाकली. काही वेळाने साल काळी पडून फुटली आणि तो वास रानभर पसरला. वांगी सोलून लाकडी परातीत ठेचायचं काम जोरात सुरू झालं. मी अक्काच्या खुर्चीजवळ बसून लसूण सोलत होते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी कशी थापायची यावरून घोळक्यातल्या दोघींचं भांडण लागलं होतं आणि अक्का दोघींनाही चूक ठरवत होती. मी किती तरी वेळ वर बघायचं विसरले.

वारा कधी फिरला ते कुणालाच कळलं नाही. कुणीतरी उरलेल्या ओलसर पऱ्हाट्या जाळावर टाकल्या असाव्यात. डोळ्यांना धूर झोंबला म्हणून मी मान फिरवली, आणि पाहिलं तर पांढरा धुराचा लोट सरळ सादड्याच्या फांद्यांत शिरत होता. वर पाहिलं. घोंगडी तिथे नव्हती. फांदी उघडी पडली होती आणि तिच्याभोवतीची हवा काळी झाली होती.

ओरडायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात जाळाजवळची एक बाई किंचाळली. मग दुसरी. मग परात पालथी झाली, बायका पदर डोक्यावर ओढून धावत सुटल्या. काही टेम्पोकडे, काही विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे, दोघी-तिघी केळीच्या बागेत. माझ्या कानामागे पहिला डंख बसला, विस्तव टेकवावा तसा. दुसरा पापणीवर.

मी उठले होते. पाय पळायच्या बेतातच होते. तेवढ्यात अक्का दिसली. खुर्चीचे हात धरून उठू बघत होती आणि गुडघे तिला उठू देत नव्हते.

"माले काय पयता येस?" ती मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "तू पयी जाय, बेटी."

पळून जा म्हणत होती. मी शूर नाही, हे मी आधीच सांगितलं. त्या क्षणी तिला उचलून न्यायची ताकद माझ्यात नव्हती, आणि तिला तिथे टाकून केळीच्या त्या अंधाऱ्या ओळींतून एकटीने पळायची तर त्याहून नव्हती. मी तिला खुर्चीवरून अक्षरशः खाली ओढलं, जमिनीवरची सतरंजी फर्रकन उचलली आणि दोघींच्या अंगावर घेतली. कडा अंगाखाली दाबल्या. वर पसरलेल्या वाट्या, लसूण, मिरच्या सगळं आमच्या अंगावर आलं.

आत अंधार. धुळीचा, तेलाचा, वांग्याचा वास. आणि बाहेर तो आवाज. मी गुणगुण म्हणणार नाही. एखादी मालगाडी लांबून यावी आणि जाऊच नये, असा आवाज होता तो. सतरंजीवर त्या आपटत होत्या, पहिल्या पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडावेत तशा. काही आत शिरल्या होत्या. माझ्या केसांत एक फिरत होती, तिचे पाय मला जाणवत होते. मी हात वर नेला तशी अक्काने माझं मनगट पकडलं.

"गप पडी ऱ्हाय. हालू नको."

मी थरथरत होते. न हलणं कसं जमणार? पण तिचा हात सोडला नाही. डंख बसत राहिले, पाठीवर, पोटरीवर, बोटांवर. डोळा सुजून बंद झाला. त्या वेळी मनात काय यावं? ओट्यावर दूध तसंच राहिलंय, झाकलेलं नाही, मांजर तोंड घालेल. हेच येत होतं पुन्हा पुन्हा.

खरी भीती पुढे होती. अक्काची पकड सैल पडली.

"अक्का?"

तिचा श्वास घरघरू लागला होता.

"अक्का, बोला ना काहीतरी. अक्का, मला भीती वाटते."

"भिऊ नको व माय," ती म्हणाली. जीभ जड झालेली. "मी आठेच शे." इथेच आहे, म्हणत होती.

मी तिला प्रश्न विचारत सुटले. माहेरी कोण होतं, धुळ्याला घर कुठे होतं, देवीच्या यात्रेत काय घ्यायचात. ती तुटक तुटक सांगत होती. काचेच्या बांगड्या. रेवड्या. भावाचा खांदा. मग वाक्यं अर्धी राहू लागली, मग नुसते शब्द, आणि मग काहीच नाही. माझ्या तळहाताखाली तिची छाती हलत होती की माझाच हात थरथरत होता, मला कळेना. सतरंजी बाजूला करून मदत मागावी तर ते बाहेरचं अंगावर कोसळणार. न करावी तर ही माझ्या कुशीत मरणार. मी ओरडत राहिले. कुणाच्या नावाने, आठवत नाही.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला. तो त्या दुसऱ्या आवाजावर चढत गेला. ओल्या पाल्याचा दाट, कडवट धूर सतरंजीच्या आत शिरला, मला खोकला आला, आणि कुणीतरी आम्हाला सतरंजीसकट ओढलं. कड उचलून पाहिलं तर नाना घोंगडी पांघरून ट्रॅक्टरवर, आणि आमच्यावर वाकलेली एक निळसर भुतासारखी आकृती. केळीच्या घडांवर चढवतात ती भोकाभोकांची प्लॅस्टिकची पिशवी तिने डोक्यावरून कमरेपर्यंत ओढून घेतली होती. आतून भाभीचा आवाज आला, "पाय धर तिचे! बघत काय बसलीस!"

टेम्पोच्या केबिनमध्ये सुखरूप बसलेली ही बाई खाली उतरून परत आली होती. साडीला चिखल लागला तर दिवसभर कुरकुरणारी.

आम्ही अक्काला ट्रॉलीत घातलं. वरून ताडपत्री. गावातल्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं, धावतच जाऊन इंजेक्शन आणलं. ते दिल्यावर नर्सला म्हणाल्या, "बीपी अजून लागत नाही. जळगावला न्यावं लागेल." मलाही इंजेक्शनं दिली, पण मी झोपायला तयार होईना. रुग्णवाहिकेत अक्काच्या बाजूला मीच बसले. तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ, डोळे, सगळं एक झालेलं. रस्ताभर खड्डा आला की मी तिच्या नाकापाशी बोट नेत होते.

अक्का वाचली. जळगावच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ती घरी आली. बाकी बायकाही बऱ्या झाल्या.

पण बाग ओस पडली. घराघरांत तेच झालं असणार जे माझ्या घरी झालं. नवरा चिडून नव्हे, घाबरून म्हणाला, "आता पुरे हे पार्ट्या आणि फिरणं." भाभीच्या सासऱ्यांनी तिला सांगितलं, फिरायचं तर गच्चीवर फिर. मला तर कुणी सांगायचीही गरज नव्हती. शेजारी मिक्सर लागला तरी मी खिडक्या लावून घ्यायची. पंख्याची घरघर सहन व्हायची नाही. पुन्हा दुपारचा टीव्ही सुरू झाला. आणि या सगळ्यात मला एक वेगळीच भीती वाटू लागली, की हे असंच राहील. सगळ्या आपापल्या घरात, आणि मी पुन्हा या गावात कुणाचीच नाही.

एका सकाळी अक्काचा फोन आला. "मी बाकवर बशेल शे. तू का उनी नही? मी मरी गऊ का?" का आली नाहीस, म्हणून दटावत होती.

मी गेले. गेटपासून बाकापर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते माझं मला माहीत. टाकीखाली, झाडांत, विजेच्या खांबांवर, सगळीकडे बघत बघत. अक्का खरंच बसली होती, मोठी शाल गुंडाळून. चेहऱ्यावर अजून काळे डाग होते. थोड्या वेळाने भाभी आली, घरी मंदिराचं कारण सांगून. मग आणखी दोघी. कुणीच चाललं नाही त्या दिवशी. नुसत्या बसून राहिलो.

यंदाच्या थंडीत आम्ही भरीत केलं ते बागेशेजारच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये. गॅसवर वांगी भाजली, खिडक्यांना जाळ्या होत्या. मी दाराजवळची जागा धरली होती. अक्काने एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"याले काय चव शे? पुढल्या साली वावरातच जाऊत बठ्ठ्या. दुसरं झाड पाहूत."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. भाभी लगेच हो म्हणाली, बाकीच्याही एकेक करून हो म्हणाल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

"आधी झाड मी बघणार," मी म्हणाले. आवाज कापत होता, तो काही लपला नाही.