साडेचारशे ग्रॅमची काठी

युनूसभाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, रेहानाने, सकाळी फोन करून सांगितलं. "ताई, अब्बा गेले. झोपेतच..." मी बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीने अकोल्याला निघाले. गाडी मूर्तिजापूरला पोहोचायच्या आत आमच्या सेलिंग क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश येऊन पडला : 'आपल्या क्लबचा आधारस्तंभ हरपला.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ग्रुपमधल्या चाळीसेक माणसांपैकी युनूसभाईंना प्रत्यक्ष भेटलेले तिघे-चौघे असतील. आणि त्यांना आधारस्तंभ म्हणणाऱ्या माणसाने ते जिवंत असताना काय केलं होतं, हे मला ठाऊक होतं. मला अक्षरशः शिसारी आली. या गोष्टीला आता महिना झाला. सगळ्या गोष्टी वहीत टिपून ठेवायची माझी सवय आहे, पण ही एक मी टाळत आले होते.

वऱ्हाडात शिडाची होडी म्हटलं की लोक आधी हसतात. पण अमरावतीजवळच्या धरणावर आमच्या चार छोट्या होड्या आहेत आणि गेली दहा वर्षं माझे रविवार तिथेच जातात. दोन माणसांच्या होडीत अध्यक्ष सुकाणूवर बसायचे, पुढची शिडं मी सांभाळायचे. वारा पाठीमागून आला की पुढे छत्रीसारखं फुगणारं एक मोठं रंगीत शीड उघडायचं असतं. त्याला स्पिनेकर म्हणतात. त्याचा एक कोपरा वाऱ्यात बाहेर ताणून धरायला काठी लागते. तिचं एक टोक डोलकाठीला, दुसरं शिडाच्या कोपऱ्याला. होडीने दिशा बदलली की ती काठी डोक्यावर धरून, तोल सांभाळत, दुसऱ्या बाजूला अडकवायची. हे काम माझं. आमची अ‍ॅल्युमिनियमची काठी एकदा मधोमध वाकली, आणि माझा उजवा खांदा त्याच्या आधीच कामातून गेला होता. मला नवी काठी हवी होती, आणि ती हलकी हवी होती.

युनूसभाईंपर्यंत मी पोहोचले ती आमच्या घरच्या कूलरमुळे. त्याची फायबरची बॉडी अकरा उन्हाळे टिकली होती. तिच्यावर पाटी अमरावतीच्या दुकानदाराची, पण त्याला खोदून विचारल्यावर कळलं की बॉडी अकोल्याहून येते, जुन्या शहरातल्या एका कारखान्यातून. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, फायबरचे थर चिकटवणाऱ्या रेझिनचा डोकं उठवणारा वास, आणि दाराशी उभा एक उंच, वाळका माणूस. मी वाकलेली काठी दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काहाले लागते?"

मी सांगितलं.

"म्हंजे पाण्यात हवेचा पडदा लावता तुमी. अन पडद्याले रॉड पायजे." मग हसून म्हणाले, "आमच्या गल्लीत पडदा सुतळीवर चालते, ताई."

हलकं पण कणखर असं कार्बन फायबरचं कापड मी मुंबईहून मागवलं. काळं, चमकदार कापड बघून ते म्हणाले, "हे तं कोटाचं कापड दिसून राहिलं. शिंप्याकडे तं नाही चालल्या होत्या?" मी कागदावर काढून दिलं होतं : किती थर, किती लांबी, वजन पाचशे ग्रॅमच्या आत. त्यांनी तो कागद भिंतीवर चिकटवला. पंधरा दिवसांनी फोन आला, झाली म्हणून. गेले. काठी सुंदर होती, काळी, तुळतुळीत. उचलली आणि माझा खांदा बोलला. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर सव्वा किलो. जुनीपेक्षाही जड!

"युनूसभाई, कागदावर काय लिहिलं होतं?"

"लिवलं होतं. पण म्या वरून दोन थर जास्तीचे मारले. आपल्याकडून."

"कोणी सांगितलं?"

ते खरोखर गोंधळले. "हलकी वस्तू देऊन तोंड कसं दाखवू, ताई? अकोल्यात माणूस कूलर घेते तं आधी उचलून पायते. हलका लागला का म्हणते, यानं माल मारला. तीस वर्षं झाले, माह्या कारखान्यातून हलकी चीज बाहेर नाही गेली."

मी त्यांच्यावर भर शेडमध्ये ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे यात जे नाही टाकलं, तेच काम हाये." मी म्हटलं, हो. "मग हे आमच्या धंद्याच्या उलटं हाये. पाहू."

पुढचे दीड-दोन महिने मी आठ वेळा अकोल्याला गेले. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपवर कापड गुंडाळलं की ते त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधत, जास्तीचं रेझिन पिळून निघावं म्हणून. मग काठी एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर वाळत पडायची. आतला अ‍ॅल्युमिनियमचा पाइप निघेना, तेव्हा त्यांनी बर्फवाल्याकडून लादी आणली, पाइप आकसावा म्हणून त्यात बर्फाचं पाणी ओतलं आणि काठीला कान लावून ऐकत बसले. आत टक् झालं. "सुटला," म्हणाले, आणि पाइप ओढून काढला. त्या दिवशी काट्यावर आकडा आला चारशे पन्नास. युनूसभाईंनी किराणावाल्याला तो तीनदा बघायला लावला. मग पांढऱ्या रंगाची डबी काढून काठीच्या मध्यावर बारीक अक्षरात लिहिलं : युनूस, अकोला. "हजारो कूलर बनवले, ताई. पाटी दुकानदाराची लागते. हे पयलं हाये, ज्याच्यावर माह्यं नाव. रेसच्या दिवशी येतो पाह्याले."

स्पर्धेला बाहेरच्या गावांहून होड्या येणार होत्या. आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी काठी हातात घेतली, वजनाचं कौतुक केलं, नाव वाचलं, आणि खिशातून एका परदेशी कंपनीचं स्टिकर काढून बरोबर नावावर चिकटवलं. "अहो, लोक वाचतील आणि हसतील. कूलरवाल्याची काठी म्हणतील. आपल्या क्लबची अब्रू आहे." मी तिथेच उभी होते. मला पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच होडीत बसायचं होतं, शर्यत जिंकायची होती... मी गप्प राहिले. दुसऱ्याबद्दलची किळस लिहिणं सोपं असतं. स्वतःच्या त्या गप्प राहण्याची जी येते, ती मात्र धुतली जात नाही.

युनूसभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. रेहानाही सोबत होती. वारा चांगला होता, काठी पिसासारखी फिरली, आम्ही दुसरे आलो. काठावर आल्यावर एका पाहुण्याने काठी उचलून विचारलं, कुठून मागवली? अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "बाहेरून." युनूसभाई चार हातांवर होते. ते पुढे आले, काठी बघितली, स्टिकरवरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, "युनूसभाई, मी हे काढते. उद्याच काढते."

"राहू द्या, ताई. सवय हाये मले." आणि रेहानाला म्हणाले, "चाल बेटा, गाडी निघून जाईन."

मी उद्याच म्हणाले आणि आठ महिने काढलं नाही. वहीत चार ठिकाणी लिहिलं आहे : स्टिकर काढणे. चारही ठिकाणी पुढच्या पानावर ढकललेलं. मग तो सकाळचा फोन आला.

शोकसभा क्लबच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्षांनी सुचवलं की काठी भिंतीवर लावू, खाली पितळी पाटी, त्यावर युनूसभाईंचं पूर्ण नाव. टाळ्या पडल्या. ज्या हातांनी नाव झाकलं तेच आता ते पितळेत कोरणार होते, आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं याचीही चर्चा सुरू झाली. मी उठले, समोर ठेवलेली काठी उचलली आणि म्हटलं, ही भिंतीवर जाणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "भावनेच्या भरात बोलू नका." मी त्यांना स्टिकरचं विचारलं. सगळ्यांसमोर. ते म्हणाले, कुठलं स्टिकर? मी काठी घेऊन निघून आले. त्यांच्या होडीत परत बसले नाही.

घरी गरम पाण्याचं फडकं ठेवून स्टिकर हळूहळू सोडवलं. ते सबंध निघालं, आणि त्याच्यासोबत नावही. गोंदाच्या बाजूला पांढरी अक्षरं, उलटी. नावावर पारदर्शक रंगाचा एक हात मारला असता तर ते टिकलं असतं. युनूसभाईंनी विचारलंही होतं. मीच नको म्हटलं होतं, वजन वाढेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन अकोल्याला गेले. शेडमध्ये रेहाना एका बॉडीवर रेझिनचा ब्रश फिरवत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, पांढरा रंग असेल तर तू नाव लिही. तिने काठीवरचा तो कोरा, खरबरीत पट्टा बघितला. ब्रश खाली ठेवला नाही.

"आता लिवून काय करता, ताई? त्याईले पाह्याचं होतं."

तिने पुन्हा कामाला हात लावला.

काठी आता मी दुसऱ्या होडीवर वापरते. दर रविवारी ती मोटारसायकलला बांधून धरणावर नेते. वारा पाठीमागून आला की उचलते, डोक्यावरून फिरवते, अडकवते. कुणी विचारलं तर नाव सांगते, पूर्ण, गावासकट. बहुतेक जण "हो का?" म्हणून पुढे जातात. खांदा दुखत नाही. हातात काही धरलंय असं वाटतच नाही... आणि तेवढ्यात अंगठा तो खरबरीत पट्टा शोधून काढतो.