घाबरणाऱ्याच्या हाती किल्ली

किल्लीअण्णा नव्या मोटरसायकलची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात कधीच देत नसत. हुबळीच्या एका शोरूममध्ये गाड्या ताब्यात द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. पूजा व्हायची, नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबू ठेवलं जायचं, नवा मालक ऐटीत हात पुढे करायचा. अण्णा त्या हाताकडे बघायचेसुद्धा नाहीत. "घरात सगळ्यांत जास्त घाबरणारं कोण आहे ओ?" असं विचारायचे. मग कुणाची आई पुढे यायची, कुणाची बायको. एकदा तर एका आडदांड पैलवानाचे वडील लाजत लाजत पुढे आले होते. अण्णा किल्ली त्यांच्या ओंजळीत ठेवत आणि मालकाला सांगत, "ह्यांनी दिली तरच चालवायची. आणि पोचल्यावर पहिल्यांदा ह्यांना सांगायचं."

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण नव्वदीच्या त्या काळात ज्यांनी हुबळीत गाडी घेतली, त्यांना ते नक्की आठवत असतील. बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी लांब स्क्रू-ड्रायव्हर. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून ते किक मारायचे, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ सगळं शोरूम गप्प. मग डोळे उघडून म्हणायचे, "हूं. प्रकृती चांगली आहे." तेव्हा नंबर लावून गाडी मिळायची, आणि येईल तो रंग घ्यावा लागायचा. कुणी लाल हवी होती म्हणून हिरमुसला की अण्णा म्हणत, "रंग काय ओ, आठ दिवस दिसतोय. आवाज दहा वर्षं ऐकायचाय."

स्वतः मात्र ते सायकलीवर यायचे. पँटला क्लिप लावून, घंटी वाजवत. कुणी छेडलं तर "हलवाई रोज पेढे खातोय काय?" म्हणून हसण्यावारी न्यायचे. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील केव्हाच गेलेले, हुबळीत एका किराणा दुकानाच्या माडीवर एक खोली. घरच्या गोष्टी निघाल्या की ते हळूच एखाद्या गाडीचा आरसा पुसायला जायचे.

माझी गाठ पडली ती माझ्या गरजेपोटी. मी धारवाडला सप्तापुरात आईबरोबर राहायचो आणि कलघटगीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. बस चुकली की तास बुडे, आणि प्राचार्यांनी दोनदा लेखी समज दिली होती. मोटरसायकल घेणं भाग होतं, पण आई ऐकेना. वडील लवकर गेले, घरात आम्ही दोघंच, तिचा जीव माझ्यात अडकलेला. शेवटी एकदा ती म्हणाली, "तुला नीट चालवायला येत असेल तरच घे." मी बेधडक सांगून टाकलं, "येते की! मित्राच्या गाडीवर शिकलोय." वास्तविक मी मोटरसायकलवर बसलो होतो तो नेहमी मागच्या सीटवर. माझा हिशेब असा होता की गाडी शोरूमचा माणूस घरापर्यंत आणून देईल आणि मग मी गुपचूप शिकून घेईन. वेग आणि तोल यांची सूत्रं तर मी रोज फळ्यावर लिहितच होतो!

गाडी मिळाली ती ऐन दसऱ्याला. शोरूममध्ये जत्रा भरली होती. गाड्या घरपोच करणारा मेकॅनिक सकाळपासून कुणाकुणाच्या गाड्या घेऊन फिरत होता. माझी पूजा झाली आणि अण्णांनी तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आई. पण ती धारवाडला आहे, ओवाळायला थांबलीय." अण्णा म्हणाले, "मग किल्ली तिथंच द्यायला पाहिजे. चला, मी येतो." मला देव पावला. मी लगेच म्हटलं, "मग तुम्हीच चालवा अण्णा, मी मागं बसतो. वडीलधाऱ्यांचा मान."

"छे छे," अण्णा म्हणाले, "पहिली फेरी मालकाची."

"असं कसं, तुमचा हात शुभ."

"शुभ आहे म्हणूनच सांगतोय, तुम्ही घ्या."

असं आमचं 'आधी तुम्ही' बराच वेळ चाललं. शोरूमचे मालक कौतुकानं बघत होते. शेवटी अण्णा म्हणाले, "आधी मारुतीला दाखवून आणू या, देवळापर्यंत ढकलतच नेऊ." आम्ही दोघांनी ती नवीकोरी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. वळण घेतल्यावर, शोरूम दिसेनासं झाल्यावर, दोघंही थांबलो. घाम पुसत मी म्हटलं, "अण्णा, खरं सांगू? मला येत नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि मारुतीकडे बघून हात जोडले. "सर," ते म्हणाले, "मलाही येत नाही."

इतकी वर्षं माणूस रोज गाड्या चालू करत होता, ढकलून दारात आणत होता, आवाज ऐकत होता. तो चालवत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं! मी हसायला लागलो, पण त्यांचा चेहरा बघून हसू गिळलं. "मालकांना कळलं तर उद्या नोकरी नाही," ते म्हणाले. मी विचारलं, शिकला का नाहीत? ते म्हणाले, "शिकायचं म्हणजे पडायचं. पडलो तर बघायला घरी कोण आहे ओ? आज-उद्या करता करता राहून गेलं."

तिकडे आई ताट घेऊन उभी असणार होती. झेंडू घेऊन आलेला एक टेम्पो रिकामा होऊन धारवाडला परत निघाला होता. अण्णांनी ड्रायव्हरला कन्नडमध्ये काय पटवलं कोण जाणे, त्यानं गाडी चढवून घेतली. आम्हीही तिला धरून मागे बसलो. सप्तापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवली. अण्णांनी इंजिन चालू केलं, मला वर बसवलं, गिअर नको म्हणून सांगितलं आणि सीटला हात लावून ढकलत ढकलत फाटकापर्यंत आणलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नव्या मालकाला घरी पोचवायला माणूस सोबत चालतोय. आईनं ओवाळलं. चाकात अडकलेल्या पाकळ्या बघून विचारलं, "हा एवढा झेंडू कसला?" अण्णा तत्परतेनं म्हणाले, "पूजेचा, अक्का." आणि किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली.

पुढचा महिनाभर आईनं मला अगदी जेरीस आणलं. किल्ली मागितली की आज मंगळवार, उद्या संकष्टी, परवा अमावस्या. फक्त रविवारी, अण्णा बसनं हुबळीहून आले की मुकाट्यानं काढून द्यायची. मग आम्ही गाडी ढकलत विद्यापीठाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचो. अण्णांना चालवता येत नव्हतं, पण शिकवता फार सुरेख येत होतं. "क्लच सोडायचा कसा? झोपलेल्या पोराच्या डोक्याखालचा हात काढतो तसा. निधान, सर, निधान!" म्हणजे सावकाश. मी पडलो की हसायचे नाहीत. माझी भीती त्यांना आतून ठाऊक होती, म्हणून मी महिन्याभरात शिकलो. कलघटगीचा रस्ता पाठ झाला, तास बुडायचे थांबले. प्राचार्यांनी तिसरी समज दिली नाही, त्याचं अर्धं श्रेय अण्णांचं. आणि वर्गात एखादं पोर 'येत नाही' म्हणून खाली मान घालतं तेव्हा ओरडायची माझी खोड सुटली ती त्याच महिन्यात.

वर्षं गेली. शोरूमला काचा लागल्या, थंड हवेचं यंत्र आलं. जुन्या मालकांच्या जागी त्यांचा मुलगा बसू लागला. त्यानं फर्मान काढलं की यापुढे प्रत्येक विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला मागे बसवून एक चक्कर मारून आणायची, आणि दोन आठवड्यांनी सोमवारी सगळ्यांनी आपल्यासमोर गाडी चालवून दाखवायची. अण्णांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांचा फोन आला, "सर, सापडलो." त्यांचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

आमच्या हातात दोन रविवार होते. हुबळीजवळ अमरगोळच्या बाजार आवारात सुट्टीच्या दिवशी चिटपाखरू नसतं. तिथं मी माझी तीच जुनी गाडी नेली. आता मी बाजूनं पळत होतो आणि "निधान, अण्णा, निधान" ओरडत होतो. ते चार वेळा पडले. मी दर वेळी उचललं, गुडघ्याला हळद लावली. ते नुसते माझ्याकडे बघत राहायचे, आणि मला उगाचच भरून यायचं. दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत ते सरळ जाऊ लागले, डावीकडे वळू लागले. उजवीकडे मात्र काही केल्या वळेनात. समोरून गाडी येईल या भीतीनं हात आखडायचे.

सोमवारी मी कॉलेजला दांडी मारून शोरूमसमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसलो. अण्णा बाहेर आले, तरुण मालक मागे बसले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी डावीकडे वळून दिसेनाशी झाली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा चहा निवला. आणि मग दुसऱ्या बाजूनं अण्णा आले, शांतपणे, ताठ बसून. डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे असं करत त्यांनी आख्खी पेठ वळसा घालून पार केली होती! मालक उतरून म्हणाले, "अण्णा चालवतात छान, फक्त जरा लांबून नेतात." अण्णांनी माझ्याकडे बघून कानाला हात लावला. उरलेली तीन वर्षं त्यांनी हुबळीच्या गिऱ्हाइकांना डावीकडूनच फिरवलं. उजवं वळण त्यांना निवृत्तीच्या जेमतेम आधी जमलं.

निवृत्तीला शोरूमनं त्यांना मोटरसायकल भेट दिली. त्यानंतरच्या दसऱ्याला दुपारी फाटकाशी इंजिनाचा आवाज आला. अण्णा हुबळीहून धारवाडला एकटे गाडी चालवत आले होते. त्यांनी सोन्याची पानं दिली, आईला नमस्कार केला आणि खिशातून नव्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या काढल्या. बराच वेळ त्या हातातच खेळवत राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना विचारलं, घरात घाबरणारं कोण. माझी गाडी आली आणि किल्ली द्यायला कोण सापडेना."

आईनं ओंजळ पुढे केली. "मी घाबरते की. द्या इकडं."

तिनं एक किल्ली त्यांना परत दिली, दुसरी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन करायचा. आणि आज ओवाळते, आज खरं चालवत आलाय. त्या दसऱ्याला गच्चीवर तोरण बांधत होते मी. टेम्पोतनं गाडी उतरवताना तुम्ही दोघंही दिसला होतात." मग मला कळलं, तो महिनाभर मंगळवार आणि संकष्ट्या कुठून उगवत होत्या ते. अण्णा खाली बघत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ताटातल्या दिव्यानं उघडं पाडलं.

पुढे ते दर आठवड्याला यायचे, आणि परत गेले की तासाभरात फोन वाजायचा. आई उचलायची, तिकडून दोनच शब्द यायचे, "अक्का, पोचलो." ती "हूं" म्हणून ठेवायची आणि मग जेवायला बसायची.

आई गेली तेव्हा दिवस झाल्यावर अण्णा भेटायला आले. निघताना म्हणाले, "सर, ती किल्ली अक्कांच्या पेटीत असेल. देता काय? आता ठेवून काय करायची." मी पेटी उघडली. किल्ली हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी होती. ती मी बाहेर काढली आणि माझ्याच खिशात टाकली. अण्णांनी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग ते गाडीवर बसले आणि गेले.

मी फोनजवळ खुर्ची ओढून बसलो. तास होत आला, तरी वाजेना. मला खरोखरच भीती वाटू लागली. मग तो वाजला.

"सर," अण्णा म्हणाले, "पोचलो ओ."