तुरीच्या दाण्याएवढी

रविवार, ८ जून. अकोला, दादाच्या घरी, त्याची तेरवी. हजर: काकू, म्हणजे दादाची आई, वय चौऱ्याऐंशी, दादाचा धाकटा भाऊ आणि वहिनी, मी, माझे यजमान आणि आमची लेक, अमरावतीहून सकाळच्या एसटीने, ज्यांच्या मेडिकलवर दादा बत्तीस वर्षं होता ते दुकानाचे शेठ, गल्लीतली मंडळी, आणि आम्हा कोणाच्याच ओळखीचे नसलेले सतरा जण. ते आले, काकूंच्या पाया पडले, जेवले आणि गेले. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच होती. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ होते.

माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला लहानथोर सगळे दादाच म्हणत, तो अख्ख्या वऱ्हाडातला एकमेव दुकानदार असावा ज्याने जन्मभर माल न विकण्याचाच धंदा केला. दुकान शेठचं, काउंटर दादाचा. खोकल्याचं औषध, मलमपट्टी, डोळ्यांचे थेंब हे सगळं तो निमूट द्यायचा. पण मुरुमांची रात्री लावायची क्रीम कोणी मागितली की दादा दोन्ही हात काउंटरवर टेकून उभा राहायचा, जणू समोरचा दरोडा घालायला आला आहे. एकदा मी तिथे बसले असताना कॉलेजची एक मुलगी आली आणि म्हणाली, माझ्या बहिणीला ही क्रीम लागू पडली, तीच द्या. दादा म्हणाला, "बहिणीचं तोंड घेऊन आली का तू? डॉक्टरची चिठ्ठी आण." मुलगी पाय आपटत गेली. शेठ मागून हताशपणे म्हणाले की हा माणूस माझ्या दुकानात आहे की माझ्या दुकानावर पहाऱ्याला आहे तेच मला कळत नाही. तासाभराने मुलगी चार दुकानं पलीकडच्या स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आली. मग मात्र दादाने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पाऊण तास शिकवणी घेतली.

शिकवणीचं साहित्य त्याच्या शर्टाच्या खिशात असे. मलमाच्या रिकाम्या डबीत तुरीचे दाणे. क्रीम घ्यायची ती तुरीच्या एका दाण्याएवढी, साऱ्या तोंडाला मिळून. हे त्याचं माप. दर गिऱ्हाइकाला तो एक दाणा मोजून हातावर ठेवायचा आणि सांगायचा की हा घरी ने, रोज रात्री समोर ठेव आणि याच्याएवढीच क्रीम बोटावर काढ. तोंड धुवायचं, चांगलं कोरडं होऊ द्यायचं, मग लावायचं. डोळ्यांच्या, ओठांच्या कडेला न्यायची नाही. सकाळी धुऊन टाकायची आणि उन्हात जाताना उन्हाची क्रीम वेगळी. वर दुपट्टा. "अकोल्याच्या उनात देवबी दुपट्टा बांधते," असं तो म्हणायचा.

पातूरकडच्या एक बाई मुलासाठी क्रीम घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी मुलगा आला तो सोललेल्या टोमॅटोसारखा. दादाने विचारलं, दाणा कुठे आहे? तर आईने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. एवढा मोठा माणूस एकच दाणा मोजून देतो, म्हणजे मंत्रलेला असणार, असं समजून ती माउली त्याला रोज हळदकुंकू वाहत होती आणि पोरगा इकडे मापाविना लोण्यासारखी क्रीम थापत होता. दादाने त्याला आधी डॉक्टरांकडे पिटाळलं आणि आईला वेगळे दोन दाणे दिले: एक देवाला, एक पोराला. चार महिन्यांनी चेहरा निवळला. बाई पेढे घेऊन आल्या आणि धाकट्यासाठी तसलाच दाणा मागू लागल्या. क्रीमचं त्यांनी नावही काढलं नाही.

कोणाला काय विचारावं याचा पोच त्याला नव्हता. नवी सून सासूबरोबर आली की भर काउंटरवर विचारायचा, "पोरी, दिवस तर नाही ना गेले? असलं तर ही क्रीम लावाची नाही. लाजू नोको, डॉक्टरले पयले सांग." एक सासूबाई म्हणाल्या, तुमी औषध विकता का पंचायत करता? दादा शांतपणे म्हणाला, "पंचायतच करतो बाई. औषध तं मी विकतच नाही." पुतणीच्या लग्नात त्याने याहून कहर केला. तिचा इलाज चालू होता, म्हणून हळदीच्या मांडवात तो पाटाशेजारी खुर्ची टाकून बसला आणि हळद फक्त हातापायांना लावू दिली. तोंडाकडे गेलेला प्रत्येक हात, त्यात व्याह्यांकडच्या आत्याबाईंचाही, त्याने मनगटाला धरून खाली आणला. व्याही दोन दिवस रुसले होते. त्यांना समजावण्याची जबाबदारी माझ्या यादीत आली, कारण असल्या जबाबदाऱ्या माझ्याच यादीत येतात.

मी शाळेचं ऑफिस सांभाळते. घरी-दारी कुठलंही काम वहीत लिहायचं आणि त्याच दिवशी करून पुढे खूण करायची, ही माझी सवय. दोन वर्षांपूर्वी लेक अकरावीत होती आणि तिचा चेहरा गालापासून हनुवटीपर्यंत फोडांनी भरून गेला होता. ती वर्गातही दुपट्टा सोडेना. जेवायला आमच्याबरोबर बसेना. मी यादी केली: कडुनिंब, मुलतानी माती, चंदन, मध, कोरफड. एकेक आठवडा एकेक वस्तू, पुढे खूण. दादा आला, त्याने माझी वही वाचली आणि सगळ्या यादीवर एक आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन तो अकोल्याला डॉक्टरांकडे गेला.

क्रीम सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात चेहरा होता त्याहून बिघडला. साली निघायला लागल्या, आग व्हायला लागली. लेकीने ट्यूब गॅलरीतून खाली फेकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला कॉलेजमध्येच जायचं नाही, असं ती आतून म्हणाली, आणि तिच्या आवाजाने मी घाबरले. सकाळी नऊला दादाला फोन केला. एक वाजता, एप्रिलच्या उन्हात, तो दारात उभा होता. येताना अंगणातली ट्यूब शोधून घेऊन आला होता. पाणीसुद्धा न घेता तो तिच्या दारासमोर फरशीवर बसला.

"पोरी, वावर नांगरलं का आधी ढेकळंच वर येतेत," तो बंद दाराला म्हणाला. "आग होऊन राहिली तं एक दिवसाआड लाव, डॉक्टरनं तसं सांगतलंच हाय. मी तुह्याएवढा होतो तवा मले कोणी काही सांगतलं नाही. तोंड लपव, एवढंच सांगतलं. तू फक्त तीन महिने मले दे. नाही झालं बरं, तं तूबी माह्यासारखी आरशाबिगर दाढी करजो."

 आत लेक हसली, आणि कडी निघाली.

दादाच्या चेहऱ्याबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, कारण आम्ही त्याबद्दल कधी बोलतच नसू. त्याच्या तरुणपणी मुरुमांवर कोणी राख लावली, कोणी टूथपेस्ट, आणि फोड बसले ते खड्डे ठेवून बसले. टाकी दिलेला पाटा, असं त्याला शाळेतली पोरं म्हणत. "माह्या गालावर मसाला वाटता येते," असं तो स्वतःच म्हणून घ्यायचा, म्हणजे दुसऱ्याला म्हणायला काही उरत नसे. त्याच्या खोलीत आरसा नव्हता. पन्नाशी उलटली तरी दाढी बोटांनी चाचपत करायचा, कानाखाली हमखास थोडी राहायची. आणि तो फोटोत उभा राहत नसे. घरातलं लग्न, बारसं, मुंज असो, कॅमेरा दादाच्या हातात. त्यामुळे आमच्या सगळ्या अल्बममध्ये सगळे आहेत आणि तो नाही.

याचं कारण काकूंनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. दादा पंचविशीत असताना अचलपूरची एक मुलगी सांगून आली. फोटो पाठवायचा होता. स्टुडिओवाल्याने भलेपणाने निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून दादाचे गाल साफ गुळगुळीत करून दिले. फोटो तिकडे पसंत पडला. दादा, काका आणि काकू बसने अचलपूरला गेले, ओसरीवर बसले, आणि मुलीच्या मावशीने पाण्याचा तांब्या ठेवत दादासमोरच काकूंना विचारलं, "मुलगा मांगून येऊन राहिला का?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. फोटोतला मुलगा तिला खरंच दिसत नव्हता. दादा पाणी प्यायला, त्याने नमस्कार केला आणि तो उठला. त्यानंतर त्याने कोणाला बघायला जाऊ दिलं नाही.

तरीही त्याने फोटोवर राग धरला नाही. लेकीचा फोटो तो दर महिन्याच्या एक तारखेच्या आसपास येऊन काढायचा. त्याच खिडकीत, त्याच वेळेला. "आरशात रोज पाह्यलं तं काही समजत नाही," तो म्हणायचा. "फोटो खरं बोलते, कोणी त्याले हात नाही लावला तं." पाचव्या महिन्यात त्याने पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून दाखवले. लेक खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मामा, आता आपल्या दोघांचा एक. "माह्यं काय काम फोटोत," असं म्हणून तो चपला घालायला लागला. पुढच्या वेळी, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग बारावी, परीक्षा, ती व्यवस्था, ही व्यवस्था. मे महिन्याच्या शेवटी, दुपारी, दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या दादा गेला.

तेरवीची सगळी यादी माझ्याकडे होती. गुरुजी, भांडी, पानं, बुंदी, निरोप. फोटोसाठी आम्ही त्याचा मोबाइल पाहिला. त्यात शेकडो चेहरे होते, खिडकीतले, काउंटरसमोरचे, फोडांचे आणि मग निवळलेले. दादाचं म्हणून एक बोट होतं: टोकावर क्रीमचा ठिपका आणि शेजारी तुरीचा दाणा. हा फोटो तो सगळ्यांना पाठवायचा. शेवटी काकूंनी ट्रंकेतून अचलपूरला पाठवलेल्या त्या फोटोची दुसरी प्रत काढून दिली. मी तो मोठा करून घेतला, फ्रेम, हार, पुढे खूण. छान दिसत होता.

शेठ आले, हात जोडून फ्रेमसमोर उभे राहिले, मग आजूबाजूला पाहून हळूच मला म्हणाले, "ताई, दादाचा फोटो आणाले गेलं का कोणी?"

बत्तीस वर्षं रोज समोर असलेल्या माणसाने हे विचारलं. काकूंनी ऐकलं.  पदर तोंडाशी नेऊन आत गेल्या, आणि दादाने अचलपूरच्या ओसरीवर जे ऐकलं ते त्याच्या तेरवीला आम्ही पुन्हा घडवून आणलं, हे मला कळलं. लेकीने हार काढला आणि फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. कोणी तिला रागावलं नाही.

परत येताना बसमध्ये मी तिला ती गोष्ट सांगितली जी कोणाला सांगितली नव्हती. दादाचा खरा फोटो एक होता. माझ्या लग्नातल्या मोठ्या ग्रुप फोटोत तो अगदी उजव्या कडेला उभा होता, पाहुण्यांनी ओढून आणला म्हणून. फोटो घरी आला तेव्हा दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, एवढी कड काढून टाक." मी का असं विचारलं नाही. कात्री आणली आणि फूटपट्टी ठेवून सरळ कापली. स्टुडिओत निरोप दिला की बाकीच्या प्रतीही तशाच करा. सगळं त्याच दिवशी. कापलेली पट्टी त्याने घडी घालून खिशात ठेवली.

 लेकीने विचारलं, मामाच्या कोणत्या गालावर जास्त खड्डे होते? मला सांगता आलं नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही सगळे त्याच्या खिशाकडे बघून बोलायचो. खिशात काय काय होतं ते मी आत्ताही ओळीने सांगू शकते: दोन पेनं, कंगवा, दाण्यांची डबी, एसटीच्या पासची घडी. चेहरा मी कधी पाहिलाच नाही.

"डाव्या," लेक म्हणाली. "उजव्या गालाला हसताना खळी पडायची. ती खड्ड्यातली नव्हती, आई. खरी होती."

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या अमरावतीच्या स्टुडिओत फोन केला; कड प्रतींची कापली होती, निगेटिव्हची नाही. जुना मालक नाही, मुलगा आहे. तो म्हणाला, तेव्हाच्या निगेटिव्ह माळ्यावर पोत्यात भरून ठेवल्या आहेत, उन्हाने चिकटल्या असतील, पण मावशी, तुम्ही स्वतः येऊन पाहा. स्टुडिओ माझ्या शाळेच्या रस्त्यावर आहे. तीन आठवडे झाले, मी त्याच्यासमोरून जाते आणि गाडी थांबवत नाही. पोत्यात तो सापडला तर मला पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघावं लागेल.

अकोल्यात खिळा ठोकलेला आहे, फ्रेम रिकामी आहे. वहीत ओळ आहे: स्टुडिओ, माळा, पोतं, उजवी कड. पुढे खूण नाही.