पहिल्या फेरीला कोण बसणार

आमचा पाळणा हातानं फिरायचा. चार लाकडी पेट्या, आणि दोन्ही अंगांनी आऱ्यांवर चढून भार देणारे दोन गडी. एकीकडे आमचे हे, दुसरीकडे धाकटे दीर. इंजिन-बिंजिन काही नव्हतं. खालचं काम माझं. माणसं बसवायची, जाड माणसासमोर जाडच येतोय ना ते बघायचं, पेटीची आडवी दांडी लावायची. नगरच्या पूर्वेला, शेवगाव-पाथर्डीकडच्या जत्रा आम्ही करायचो. मी तोंडाची फटकळ, म्हणून गर्दी आवरणं माझ्या गळ्यात पडलं. चालत्या पेटीत उभं राहणाऱ्या टग्यांचा मी सात पिढ्यांसकट उद्धार करायची.

आमच्यात एक रीत होती. पाळणा उभा केला, नारळ फोडला, की पहिल्या फेरीला घरचं लेकरू बसवायचं. लोक भोवती कडं करून बघायचे. पाळणेवाल्यानं पोटचं पोर वर पाठवलं म्हणजे लाकूड धड आहे, अशी त्यांची खात्री पटायची. सासऱ्यांच्या काळात आमचे हे बसले, मग दीर बसले. आता बरीच वर्षं माझी मुलगी बसत होती. ती वरून लोकांच्या टोप्यांवर शेंगांची टरफलं टाकायची आणि शिव्या मला खाव्या लागायच्या.

दुष्काळातल्या उन्हाळ्यात ती गेली. गोवर निघाला आणि आत जिरला म्हणाले. नगरला दवाखान्यात न्यायला गाडी ठरवली, पण ती दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी रडले असेन. मला आपलं अंगणात उन्हात टाकलेलं तिचं अंथरूण तेवढं आठवतं. तिचे दिवस होतात न होतात तोच जत्रा आली. भावकी म्हणाली, यंदा राहू द्या. राहू देऊन खायचं काय? बैल चारा छावणीत होते, म्हणून पाळणा खडीच्या ट्रकवर टाकून नेला.

नारळ फुटला. लोक कडं करून उभे राहिले. बरेचसे दुष्काळी कामावर खडी फोडून तसेच आलेले, भुवयांवर धूळ. हे माझ्याकडे बघेनात. दिरांनी आपल्या मुलाचा हात धरला, तर जाऊबाईनं त्याला मागं ओढून पदराआड घेतलं. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी रागच आला नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं, एवढं मनात येऊन गेलं.

मग कुजबुज सुरू झाली. दर वर्षी बसती ती दोन वेण्यांची पोर कुठं हाय, म्हणून कुणीतरी विचारलं. कुणीतरी सांगितलं, गेली म्हनं. एक बाई आपली पोरं घेऊन मागं सरकली, तिच्यामागं आणखी दोघी-तिघी सरकल्या. त्यांच्या मनात काय आलंय ते मला कळायला जरा वेळ लागला. माझी पोर पाळण्यातून पडून मेली असं त्यांना वाटत होतं.

मी यांना म्हटलं, मीच बसते. आमच्या घरची बाई पाळण्यात बसत नसे, पण कुणी अडवलं नाही. दिरांनी समोरच्या पेटीत मातीचं पोतं ठेवलं, नाहीतर माझ्या भारानं पाळणा अडला असता. मुलीच्या वेळी पोत्याची गरज पडत नव्हती. दोघं आऱ्यांवर चढले आणि त्यांनी अंग टाकलं.

वर गेले. इतकी वर्षं त्या पाळण्यावर पोट भरलं, पण वरून काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. देवळाचा कळस दिसला, रेवडीवाल्यांची पालं दिसली, पलीकडं उघडी रानं. ती इथून काय बघत असेल, याचा विचार करून पाहिला. जमला नाही. पाळणा थांबला तशी खाली उतरले.

तरी कुणी पुढं येईना. शेवटी एक म्हातारी जवळ आली. बोटाला नातू होता.

"बये, तुजी पोरगी कशानं गेली?"

"गोवरानं," मी म्हटलं. पण ते तिच्यापुरतंच झालं, मागच्यांनाही कळायला हवं होतं. मग गर्दी आवरताना लावते तो आवाज लावला. "गोवरानं गेली. घरात, अंथरुणात गेली. पाळण्याचा काय संबंध न्हाई."

गर्दी सैल झाली. मागं सरकलेल्या बाया पुढं आल्या. म्हातारी म्हणाली, लई वंगाळ झालं माय, आणि त्याच दमात तिनं नातवाला माझ्याकडे दिलं. मी त्याला पेटीत बसवलं. बघता बघता चारही पेट्या भरल्या. हे आऱ्यावर उभे राहून रडत होते आणि पाळणा फिरवत होते. मी पुढच्यांना रांगेत उभं करत होते.

दिवस मावळेपर्यंत दम खायला फुरसत मिळाली नाही. नवं कुणी येऊन बिचकलं, तर मला तोंड उघडावं लागत नव्हतं. रांगेतलेच सांगत होते, "बसा बिनघोर. त्यांची पोरगी गोवरानं गेली."